माया धरलेली नाही

नागपूर-हैदराबाद रस्त्यावर हिंगणघाट मागे पडलं की वडनेर येतं. मावशीच्या घरी पोचले तेव्हा पुढची खोली कापसाने छताला टेकली होती. भाव चढेल म्हणून थांबलेला कापूस. त्यामुळे शिवणयंत्र मागच्या पडवीत गेलं होतं आणि आमचं बोलणंही तिथेच झालं. मावशीने चाळीसेक वर्षं गावातल्या बायकांचे झंपर, परकर, बॉड्या शिवल्या, दुपारचा शिवणक्लास घेतला. मी जुन्या आतल्या कपड्यांची कागदी कटिंगं जमवते, जमेल ते शिवूनही पाहते. माझा छंद तिला पटत नाही, आणि तिचं न पटणं मला. दोन दिवस आम्ही त्यावरच बोलत होतो.

मावशी : ट्रंक उघडते मी. पण आधी मले सांग, हे कायले पायजे तुले? लोकं नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. तू बॉड्यांचे कागद जमवून राहिली. उद्या कोणी विचारलं, तुमची भाची काय करते, तं मी काय सांगू?

मी : सांग, जुनी कटिंगं जमवते. लग्नाच्या फोटोत शालू दिसतो. शालूच्या आत काय होतं ते एकाही फोटोत नाही. शालू जपला जातो. आजीचं लुगडं फाटलं तरी गोधडीत जातं. परकराचं पोतेरं होतं आणि बॉडीचं तेही होत नाही. दोरीवरसुद्धा ती पातळाच्या आड वाळते. कापड गेल्यावर मागे राहतो तो हा कागद.

मावशी : परकराचं पोतेरं झालं म्हणजे त्यानं पुरेपूर काम केलं. त्यात रडण्यासारखं काय हाय? आन कागद, तो तं कापडाची चाकरी करते. कापड कापलं, त्याचं काम संपलं.

(पहिला कागद निघाला तो वर्तमानपत्राचा. बॉडीची पाठ. घडीवर तपकिरी झालेला, कोपऱ्यात यंत्राच्या तेलाचा डाग. मुंढ्याच्या गोलाईत मथळा कापला गेला होता.)

मी : हे बघ. मुंढ्यापाशी ‘एकाधिकार’ एवढंच उरलंय. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. म्हणजे ही बॉडी त्यानंतरची.

मावशी : वा व इतिहासकार! रद्दी काय त्याच दिवशीची होती? दुकानातून किलोनं आणत होतो आम्ही. कटिंग आजचं, कागद पाच वर्षांआधीचा.

मी : मी ‘त्यानंतरची’ म्हणाले, ‘त्याच साली’ नाही. कागद जितका शिळा, तितकी बॉडी अजून अलीकडची.

मावशी : तू वकील व्हायले पायजे होती.

मी : तिकडे अशी वकिली करावी लागत नाही. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांची कागदी कटिंगं विकायला काढली. पातळ कागद, घडी घातलेला. सुरुवातीच्या कागदांवर छपाईसुद्धा नसे, नुसती भोकं पाडलेली. कुठलं भोक चुणीचं आणि कुठलं जोडाचं, ते बाईनेच ओळखायचं. आज ऱ्होड आयलंडच्या विद्यापीठात अशा कटिंगांच्या पाकिटांचा मोठा संग्रह आहे. आणि आपल्याकडे? आपल्याकडे ही तुझी ट्रंक.

मावशी : आपल्याकडे कागदाची गरजच नव्हती. माझी आजी चोळी शिवायची, खणाची. खण म्हणजे काय? एका चोळीचं कापड. विणणाऱ्यानंच माप बांधून दिलेलं. ती खण जमिनीवर अंथरायची, घडी घालायची, वितीनं मोजायची आन कापायची. काठ बाहीवर, काखेत चौकोनी तुकडा. सारे तुकडे सरळ रेघेचे. चिंधी म्हणून काही उरतच नव्हती. समोर गाठ मारली की बसली अंगावर. आज अंग भरलं, गाठ सैल. उद्या उतरलं, गाठ घट्ट. तुझ्या बटरिकले जमलं होतं का हे?

मी : नाही जमलं. १९१४ साली न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब हिने ब्राचं पेटंट घेतलं, तेव्हा तिनेही पहिली दोन हातरुमाल आणि फीत जोडून केली होती म्हणतात. म्हणजे तीही तुझ्या आजीच्याच वाटेने गेली. पण मावशी, तुझ्या आजीची रीत आज कुणाला येते?

मावशी : मले अर्धीमुर्धी येते.

मी : आणि तुझ्यानंतर? कागद असता तर निदान पाहून शिकता आलं असतं.

मावशी : कागद पाहून कटिंग येत असतं तं मी क्लास कायले घेतला असता? इकडे ये. ही माझ्या क्लासची फाईल पाह्य.

(जाड पुठ्ठ्याची फाईल. प्रत्येक पानावर तळहाताएवढं खाकी कागदाचं कटिंग चिकटवलेलं: शमीज, कळ्यांचा परकर, कटोरी झंपर, नाडीची चड्डी, झबलं. बाजूला शाईने सूत्रं. छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच. छातीचा बारावा भाग. शेवटच्या पानांवर टाक्यांचे नमुने: काजं, हूक, तुरपाई, उरेब पट्टी.)

मावशी : आमच्या शिकवणाऱ्या बाईंजवळ मुंबईच्या झारापकरांचं कटिंगचं पुस्तक होतं. त्यावरून त्या फळ्यावर काढायच्या. एक छातीचं माप घे, बाकी सारं त्याच्यातून निघते. तयार कागद तीन-चार मापांचा असते. सूत्र जगातल्या साऱ्या बायांचं. तुझा अमेरिकेचा कागद हरवला तं बाई अडली. माझी फाईल हरवली तं मी नाई अडत, डोक्यात हाय.

मी : मान्य. पण सूत्रात सगळ्या बायका सारख्या होतात. छातीचा चौथा भाग म्हणजे पुढचा आणि मागचा सारखाच धरायचा? पोक आलेली बाई, एका खांद्यावर कायम ओझं वाहणारी बाई, सात महिने झालेली बाई, त्यांचं काय?

मावशी : ते कापडावर सांभाळायचं. त्याच्यासाठीच तं माया असते.

मी : मायेतलाच फरक मला गमतीचा वाटतो. अमेरिकेच्या कागदात ही शिलाईची जागा आधीच धरलेली असते, इंचाचे पाच अष्टमांश. जर्मनीतल्या बुर्डा मासिकाच्या कागदात नसते. कागदाच्या कडेवर शिलाई, बाहेरची जागा ज्याची त्याने ठेवायची. मी पहिल्यांदा बुर्डावरून शमीज कापली तेव्हा हे वाचलंच नाही. शिवली तर एका लहान मुलीला झाली असती.

मावशी : (हसून) आन आमच्या कागदांवर पाह्य, साऱ्यांवर लिहिलेलं हाय: ‘माया धरलेली नाही’. मुद्दाम. माया कागदात धरली की सगळ्यांले सारखीच मिळते. वाढत्या अंगाची पोर असली तं दीड-दोन इंच, म्हातारीले अर्धा इंच. पोटुशी असली तं बाजूले आणखी. कोणाले किती, ते तिच्याकडे पाहून ठरवावं लागते. कागद कसा ठरवन?

मी : आणि म्हणून तू म्हणतेस कागद जपू नये?

मावशी : जपू नये असं नाई म्हणत. कागदाले कपडा समजू नये, एवढंच. तू तं फ्रेम करून टांगशील.

मी : फ्रेम नाही करत, शिवून पाहते. हा घे पुरावा.

(पिशवीतून मी शिवलेली स्लिप काढली. १९३० च्या दशकातल्या एका कटिंगवरून, पूर्ण उरेब, म्हणजे तिरपी कापलेली. खालची कड लाटेसारखी वर-खाली. मावशीने ती दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली.)

मावशी : कापड तं मऊ हाय. पण ही खालची पट्टी कापल्यावर लगेच शिवली न तू?

मी : हो.

मावशी : उरेब कापड रातभर टांगून ठेवावं लागते. स्वतःच्या वजनानं ते उतरते, कुठं कमी, कुठं जास्त. सकाळी बाई उभी करायची, जमिनीपासून पट्टी लावून खूण करायची, मग कापायचं. हे तुझ्या कागदावर लिहिलं नव्हतं?

मी : पाकिटातलं सूचनांचं पान गहाळ होतं.

मावशी : हेच म्हणून राहिली मी. कागद येते, पान गहाळ होते. माणसाजवळून शिकलं तं पान गहाळ होत नाई.

मी : माणूसच गहाळ झालं तर?

(यावर ती काही बोलली नाही. चहा ठेवायला उठली. परत आल्यावर ट्रंकेतून परकराच्या कळ्या निघाल्या, सहा, खाकी कागदाच्या.)

मावशी : हा परकर मले लग्नात आईनं शिवून दिला, त्याचं कटिंग. आईनं स्वतः कधी परकर घातला नाई. नऊवारीले कायले लागते? कासोटा असते. गोल पातळ आलं, पाचवारी, तसा परकर आला.

मी : आणि पुस्तकात शिकवतात की साडीखालचा परकर ही बाहेरून आलेली सुधारणा. १८६० च्या दशकात सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नोकरीला आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी इथल्या पारशी बायकांचं पाहून परकर-ब्लाऊजसकट साडी नेसायची रीत उचलली आणि बंगालात नेली. पण वडनेरच्या घरात तो परकर कधी शिरला? त्याचा कागद हा, तुझ्या आईच्या हातचा. म्हणून मला तो हवा.

मावशी : ने. त्यात काही गुपित नाई. पण कापताना कळ्या उलट-सुलट मांडजो, एकीचं रुंद टोक दुसरीच्या अरुंद टोकाशी. आन जोडताना एका कळीची सरळ बाजू दुसरीच्या तिरप्या बाजूले. दोन तिरप्या बाजू जोडल्या तं परकर लोंबते.

मी : आणि हा दुसरा कोणता? नेफा नाही, चार बोटं रुंद पट्टा आहे, बाजूला काजं.

मावशी : तो माझा. बायांच्या कमरेले नाडीचा काळा करकोचा पडलेला मी पाहिला, माप घेताना. कोणाकोणाची कातडी सोलून निघालेली. म्हटलं, रुंद पट्टा करू, भार वाटून जाईल.

मी : मावशी, २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारच्या मधुबनीतल्या डॉक्टरांनी हेच लिहिलं, बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात. एक बाई सत्तर वर्षांची, दुसरी सत्तरीला टेकलेली. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी काच, तिथे जखम, ती बरी होईना, शेवटी त्वचेचा कर्करोग. दुसरी तर परकर घालतच नव्हती, लुगडंच आवळून नेसायची. डॉक्टरांनी सांगितलं, सैल बांधा. म्हणजे जे नियतकालिकात छापून आलं ते तुझ्या कागदावर आधीच होतं! आता तरी म्हणशील का की हा कागद नुसती रद्दी?

मावशी : पूर्ण ऐक. पट्ट्याचे परकर मी पाच-सात जणींले शिवून दिले. साऱ्यांनी परत आणले. नाडी टाकून दे म्हणाल्या.

मी : का?

मावशी : बटण एकाच कमरेचं असते. नाडी साऱ्या कमरांची. बाळंतपणात चालते, उपासात चालते, दुखण्यात अंग उतरलं तरी चालते. पोरीले, सुनेले, कोणालेही होते. आन निंदायले वाकलं की पातळ सुटन का काय, ही धास्ती. माझं कटिंग बरोबर होतं व. बायांचं जगणं त्यात बसलं नाई. हे तुझ्या संग्रहात कुठं लिहिशील?

मी : कागदाच्या मागे. तू सांगितलंस तसंच.

(दुपार कलली. आता बॉड्या. वाटीच्या कागदावर पेन्सिलीने एकात एक गोल.)

मी : ही मी शोधत होते! १९५० च्या सुमाराची टोकदार बॉडी. परदेशात लोक हिचं कटिंग सोन्याच्या भावाने घेतात.

मावशी : टोक बिक काही नाई. दुहेरी मांजरपाट. मधून सुरू करायचं, पाव-पाव इंचावर गोल शिलाई फिरवत बाहेर यायचं. त्यानं कापडाले ताठपणा येते. स्पंज कुठं होता तेव्हा? पाय मशीनवर हळू, हात कापड फिरवून राहिला. एक वाटी व्हायले अर्धा तास.

मी : गांधीजींनी यंत्रांवर टीका करताना एका यंत्राला सूट दिली होती, ठाऊक आहे? १९२४ साली. सिंगरच्या शिवणयंत्राला. त्यांचं म्हणणं, सिंगरने बायकोचे शिवणाचे कष्ट पाहिले आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी यंत्र काढलं.

मावशी : पाह्य! सेवाग्राम वर्ध्याजवळ उगीच नाई. मायेचंच यंत्र हाय हे.

मी : पण १८५१ साली ज्याने पेटंट घेतलं तो खरा सिंगर वेगळाच होता. त्याचे संसार अनेक, आणि सगळ्या मिळून वीसच्या वर पोरं.

मावशी : मग तं मशीन लागणारच त्याले. एवढ्या पोरांची झबली हातानं कोण शिवन?

(हसता हसता तिने ट्रंकेच्या तळातून एक लांबट वही काढली, आणि मी हात पुढे करताच मांडीखाली ठेवली.)

मावशी : ही नाई मिळायची. मापाची वही.

मी : यातच तर सगळं आहे. तीस-चाळीस वर्षांची मापं. लग्नाआधीचं, बाळंतपणानंतरचं, म्हातारपणाचं. एका गावाच्या बायकांचं अंग कसं बदललं ते कुठल्याही दप्तरात नाही.

मावशी : म्हणूनच नाई. नवऱ्याले ठाऊक नसते ते माप मले ठाऊक असते. पाठीवर वळ कोणाच्या, पोटावर डाग कोणाले. बाई माझ्यासमोर पदर काढून उभी राह्यली ती माप देण्यासाठी. इतिहासासाठी नाई.

मी : नावं काढून टाकू.

मावशी : गाव केवढं हाय? छाती अडतीस आन एक खांदा खाली, एवढं म्हटलं की नाव सांगायची गरज नाई.

(याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीतून एक घडी केलेला कागद घसरून खाली पडला. बॉडीचा पुढचा भाग, पण दोन बाजू सारख्या नाहीत. डाव्या वाटीच्या आत एक खिसा, त्यावर पेन्सिलीने एकच शब्द: जवस.)

मी : हे काय?

मावशी : नागपूरले ऑपरेशन झालेली एक बाई होती. एक बाजू काढलेली. घरातून बाहेर निघेना. म्हणे, पदर बसत नाई, लोकं पाहतात. मी आधी कापूस भरला. कापूस हलका, वर सरकते. एका अंगानं झुकून चालायची ती. मग बाजरी घालून पाहिली, ती टोचते. शेवटी जवस. दाणा निसरडा, बाई वाकली की अंगासारखा सरकते, आन त्याले वजनही असते. खिशाले आतून बटण, धुताना जवस काढून घ्यायचं.

मी : मावशी, मी इतकी वर्षं जे शोधतेय ते हे आहे. असं पाकीट कुठल्याच संग्रहात नसेल.

मावशी : ते तुले पायजे म्हणूनच भीती वाटते. हे त्या बाईचं हाय.

मी : ती आहे?

मावशी : नाई. पण होती तोवर तिनं कोणाले सांगितलं नाई. मी तुले रीत काढून देते. कोऱ्या कागदावर, सूत्रानं. खिसा किती खोल, तोंड कुठं, जवस किती. ज्या बाईले लागन ती आपल्या मापानं करन.

मी : रीत सगळ्यांना उपयोगी पडेल, खरंय. पण या कागदावर तीन वेळा खोडून नवी रेघ मारलीय. कापूस, बाजरी, जवस. एका बाईसाठी तू तीनदा कापलंस, ते सूत्रात दिसणार नाही. सूत्रात ते पहिल्याच वेळी जमलं असं वाटेल.

(मावशीने कागद हातात घेतला. खोडलेल्या रेघांवरून बोट फिरवलं, जणू त्या कुणी दुसऱ्यानेच मारल्या होत्या.)

मावशी : हे मात्र खरं बोलली तू.

मी : मग?

मावशी : मग काही नाई. मी हाव म्हणणारी कोण? तिची पोरगी याच गावात दिली हाय, देवळामागं. तिले विचारू. तिले हे ठाऊक हाय की नाई, तेही मले ठाऊक नाई. म्हणून आधी मी एकटी जाईन. तू सोबत येऊ नको.

ती संध्याकाळी गेली आणि दिवेलागणीनंतर परतली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, पोरगी म्हणे, विचार करून सांगते. कागद वहीत गेला, वही ट्रंकेत, डांबरगोळ्यांखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिने मला खाकी कागदाची गुंडाळी दिली. आदल्या रात्री बसून काढलेली: खिशाची बॉडी, छातीच्या मापावरून, बाणांसकट, जवसाच्या वजनासकट. कडेला ठळक अक्षरात नेहमीची ओळ, माया धरलेली नाही. परकराच्या कळ्या आणि चार बोटं पट्ट्याचं कटिंग तिने वेगळ्या पिशवीत दिलं. पट्ट्याच्या कागदामागे मी बसमध्येच लिहून काढलं: बायकांनी परत आणला, आणि का परत आणला.

नागपूरला आल्यावर सगळं फाईलमध्ये लावलं. खिशाच्या बॉडीच्या रेखाटनाशेजारचं पान मी कोरं ठेवलं आहे. पोरगी हो म्हणाली तर तिथे तो खोडाखोडीचा कागद येईल. नाही म्हणाली तर पान कोरंच राहील, आणि ते कोरं का आहे ते मी कुणाला सांगणार नाही.